गुन्हा नोंदवण्यापासून निकालापर्यंत: फिर्यादीने आपली केस कशी लावून धरायची

गुन्हा घडला की घरच्यांची सगळी धावपळ एफआयआरसाठी असते आणि एकदाची एफआयआर झाली की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, आता पोलिस बघतील, कोर्ट बघेल. आणि मग दोन-तीन वर्षांनी साक्षीचं समन्स येतं तेव्हा कळतं की एक साक्षीदार गाव सोडून गेलाय, सीसीटीव्ही कुणी घेतलाच नव्हता, आणि फिर्यादीत जे लिहिलंय ते आपण सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळंच आहे. आरोपी सुटतो. लोक म्हणतात कायद्यात दम नाही. कायद्यात बराच दम आहे, पण तो वापरायला फिर्यादी शेवटपर्यंत जागेवर लागतो.

हे मान्य की फौजदारी खटला सरकार चालवतं, तपास पोलिसांचा आणि कोर्टात उभा राहतो सरकारी वकील. पण ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला कायद्याने प्रत्येक टप्प्यावर काही ना काही हक्क दिलेत आणि ते मागितले नाहीत तर सहसा कोणी आपणहून देत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालेत, त्यामुळे खालची कलमं नव्या कायद्याची आहेत, नागरिक सुरक्षा संहितेला मी नुसतं 'संहिता' म्हणेन. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्या आयपीसीचंच (भारतीय दंड संहितेचंच) लागतं हे लक्षात असू द्या.

स्टेशनला जायच्या आधी

जीव धोक्यात असेल तर अर्थातच आधी ११२ ला फोन, बाकी सगळं नंतर. ऑनलाइन पैसे गेले असतील तर एक मिनिट न घालवता १९३०, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात.

बाकी प्रकरणात मात्र अर्धा तास शांत बसून एका कागदावर घडलेलं सगळं क्रमाने लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, कोण काय बोललं, आणि यातलं तुम्ही स्वतः डोळ्यांनी काय बघितलं आणि दुसऱ्याकडून काय ऐकलं ते वेगवेगळं. वेळ नक्की माहीत नसेल तर 'साधारण साडेसात ते आठ' असं लिहा, उगाच ७.४० लिहू नका.

आणि इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. जेवढं घडलं तेवढंच लिहा. रागाच्या भरात, किंवा कुणी 'कलम पक्कं बसेल' म्हणून सुचवलं म्हणून, दोन माणसं होती तिथे पाच नावं घालायची, काठी होती तिथे तलवार म्हणायची, भांडणाच्या वेळी गावातसुद्धा नसलेल्या भावाला आरोपी करायचं, हे फार चालतं आणि खऱ्या केसेस यानेच मरतात. बचाव पक्षाच्या वकिलाला तुमची अख्खी गोष्ट खोटी ठरवायची गरजच नसते, एक वाढवलेला तपशील खोटा ठरला की उरलेल्या खऱ्यावरही संशय येतो, आणि वाजवी संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. तो मिळायलाच हवा, नाहीतर निर्दोष माणूस आत जाईल. न्याय संहितेच्या कलम २१७ आणि २४८ प्रमाणे खोटी माहिती देणं, खोटा आरोप लावणं हा स्वतंत्र गुन्हा आहेच, पण त्याच्या भीतीने नाही, ज्याने केलंय त्यालाच शिक्षा व्हावी असं वाटत असेल तर सरळ खरं लिहा.

मारहाण असेल तर दवाखान्यात लगेच जा. डॉक्टर विचारतात कसं लागलं, तेव्हा लाजेखातर 'पडलो' म्हणू नका, तो शब्द केसपेपरवर जातो आणि कोर्टात तुमच्याविरुद्ध वाचला जातो. लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्याच्या प्रकरणात सरकारी असो की खाजगी, कुठल्याही हॉस्पिटलला लगेच आणि मोफत उपचार करावेच लागतात, संहितेचं कलम ३९७.

मोबाइलवरचे मेसेज, रेकॉर्डिंग, फोटो काहीही डिलीट करू नका, आणि तो मोबाइल विकू किंवा फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट माहितीसाठी ठीक आहे, पण डिजिटल पुराव्याची कॉपी द्यायची तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सर्टिफिकेट लागतं आणि आता त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूसुद्धा (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा तिचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात जुन्या ६५ब कलमाखाली हेच स्पष्ट केलं की कॉपी असेल तर सर्टिफिकेट सक्तीचं, मात्र मूळ मोबाइल किंवा लॅपटॉपच मालकाने साक्षीच्या वेळी कोर्टात आणून सिद्ध केला तर त्याची गरज नाही. म्हणून मूळ मोबाइल जपायचा. सीसीटीव्ही तर काही दिवसांतच आपोआप पुसला जातो, त्यामुळे कॅमेरा ज्याचा आहे त्याला आणि पोलिसांना, दोघांना लेखी द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेतलं फुटेज जतन करा.

स्टेशनमध्ये

आधी एक फरक समजून घ्या. दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना एफआयआर घेऊन तपास करावाच लागतो. अदखलपात्र असेल तर ते फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. साधी मारहाण (हत्यार नाही, गंभीर दुखापत नाही) सहसा एनसीत जाते. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर नव्या कायद्यात तीही अदखलपात्र झालीय, म्हणून चोरीला गेलेल्या वस्तूची खरी किंमत बिलासकट सांगा.

लोक एनसीचा कागद घेऊन घरी येतात आणि वाट बघत बसतात. बघू नका. एनसीवर आपोआप काहीच होत नाही, आणि छोट्या गुन्ह्यांना मुदत असते: फक्त दंडाचा गुन्हा असेल तर ६ महिने, १ वर्षापर्यंत शिक्षेचा असेल तर १ वर्ष, १ ते ३ वर्षं शिक्षेचा असेल तर ३ वर्षं, कलम ५१४. साध्या मारहाणीला जास्तीत जास्त १ वर्ष शिक्षा आहे, म्हणजे वर्षाच्या आत मॅजिस्ट्रेटकडे गेलं पाहिजे. ३ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नाही, पण उशिराचं कारण कोर्ट विचारतंच.

दखलपात्र असेल तर सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३ च्या ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय की एफआयआर घेणं बंधनकारक आहे. आता संहितेच्या कलम १७३(३) मध्ये एक सवलत पोलिसांना दिलीय, ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल तर डीवायएसपीच्या (पोलिस उपअधीक्षकाच्या) परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून कोणी 'आधी चौकशी करू' म्हणालं तर विनम्रपणे विचारा, कुठल्या कलमाखाली, परवानगी झालीय का, आणि तुमच्या अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या.

'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही. कुठल्याही स्टेशनला शून्य नंबरने गुन्हा घ्यावा लागतो आणि मग तो योग्य स्टेशनला वर्ग होतो. ईमेल किंवा ऑनलाइन माहिती दिली तरी चालते, फक्त ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

फिर्याद टाइप झाली की पूर्ण वाचा. कितीही रात्र झालेली असो, समोरचा कितीही घाईत असो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. महत्त्वाचा तपशील राहिला असेल तर सही करायच्या आधीच घालून घ्या, कारण तुम्ही कोर्टात जे सांगाल आणि फिर्यादीत जे नसेल त्याला वकील ऑमिशन म्हणतात, आणि उलटतपासणीचा अर्धा वेळ त्यावरच जातो. सही झाली की एफआयआरची कॉपी फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

घेतलीच नाही तर

अशा वेळी स्टेशनला भांडत बसण्यात काही अर्थ नाही. तक्रारीचा मजकूर लेखी करून पोलिस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, शहरात आयुक्तालय असेल तर तिथल्या वरिष्ठांना, आणि पोस्टाची पावती जपा. हे कलम १७३(४). तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) खाली अर्ज, जुन्या सीआरपीसीचं १५६(३) तेच. त्यासोबत प्रतिज्ञापत्र लागतं, आणि आधी स्टेशन मग एसपी या दोन्ही पायऱ्या केल्याचा कागद लागतो, तो नसेल तर अर्ज तिथेच अडकतो. मॅजिस्ट्रेट पोलिसांचं म्हणणं ऐकून तपासाचा आदेश देऊ शकतात.

दुसरा रस्ता म्हणजे खाजगी फिर्याद, कलम २२३. यात मॅजिस्ट्रेट तुमची आणि तुमच्या साक्षीदारांची शपथेवर तपासणी करतात, आणि नव्या कायद्याप्रमाणे दखल घेण्याआधी, म्हणजे केस चालवायला घेण्याआधी, आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी मिळते. पुरावा तुमच्या हातात असेल, कागदपत्रांचं प्रकरण असेल तर हा रस्ता चांगला. पण आरोपी कोण तेच माहीत नाही, मोबाइलचं लोकेशन काढायचंय, घराची झडती घ्यायचीय, अशा ठिकाणी पोलिस तपासाशिवाय भागत नाही, तिथे १७५(३) चाच आग्रह धरा.

बलात्कारासारख्या ठरावीक गुन्ह्यांत माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसावरच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा होतो, ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी.

तपास चालू असताना

तपास अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर घ्या, आणि पुढचा सगळा व्यवहार शक्य तितका लेखी ठेवा. रोज फोन करून त्रास द्यायचा नाही, पण महिना-दीड महिन्याने एक छोटा अर्ज, की अमुक साक्षीदाराचा जबाब अजून झाला नाही, अमुक फुटेज घेतलं का, आणि त्यावर आवक नंबर. पोलिसांवर कामाचा बोजा खरोखर खूप असतो, ज्याची फाइल कोणी विचारत नाही ती खाली जाते. ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं आता कलम १९३(३) प्रमाणे पोलिसांचं काम आहे, नाही कळवली तर त्याच कलमाचा उल्लेख करून मागा.

आणि ६० आणि ९० हे दोन आकडे डोक्यात ठेवा. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट (दोषारोपपत्र) कोर्टात गेली नाही तर त्याला जामीन मिळणं हा त्याचा हक्क होतो, केस कितीही गंभीर असो. पन्नासाव्या दिवशी तुमचा अर्ज टेबलावर असेल तर फरक पडतो.

पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, घ्यायचीही नसते, आणि तो जबाब थेट पुरावाही नाही. म्हणून महत्त्वाचा साक्षीदार दबावाखाली येईल असं वाटत असेल तर तपास अधिकाऱ्याला सांगून त्याचा जबाब कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर नोंदवून घ्या. तोही एकट्याने आरोपीला शिक्षा देत नाही, पण शपथेवर सांगितलेलं नंतर फिरवणं माणसाला जड जातं. आणखी एक, बाई, १५ वर्षांखालचा किंवा ६० वर्षांवरचा पुरुष, अपंग, किंवा आजारी माणूस यांना जबाबासाठी स्टेशनला बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं.

जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी बहुतेक वेळा गैरहजर असतो कारण त्याला माहीतच नसतं. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा प्रकरणात सांगितलंय की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे, जामिनालासुद्धा. धमक्या आल्या असतील तर त्या तारखेसकट लेखी मांडा. आणि जामीन मिळाला म्हणून खचू नका, जामीन म्हणजे सुटका नाही, खटला जिथल्या तिथे आहे.

तपास संपला की एकतर चार्जशीट, नाहीतर समरी रिपोर्ट, म्हणजे केस बंद करावी असा पोलिसांचा अहवाल. महाराष्ट्रात ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा मिळाला नाही, बी समरी म्हणजे फिर्यादच खोटी, आणि सी समरी म्हणजे गैरसमजातून झालेली तक्रार किंवा दिवाणी स्वरूपाचा वाद. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन ऐकलं पाहिजे हे भगवंत सिंग प्रकरणात १९८५ पासून ठरलेलं आहे. नोटीस आली की दुर्लक्ष करू नका, प्रोटेस्ट पिटिशन (समरीला हरकत घेणारा अर्ज) टाका आणि त्यात नुसता संताप नको, कुठल्या साक्षीदाराला विचारलं नाही, कुठला कागद घेतला नाही, ते एकेक मांडा. मॅजिस्ट्रेट समरी फेटाळून पुढचा तपास सांगू शकतात किंवा थेट दखलही घेऊ शकतात.

आरोपी सरकारी नोकर असेल तर

लाच मागितली असेल तर द्यायच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा, नंबर १०६४. आधी पडताळणी होते, म्हणजे मागणी खरंच होतेय का ते पंचांसमोर, रेकॉर्डरवर तपासतात, मग सापळा. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत तक्रार केली तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही. नुसते पैसे सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते, मात्र तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावरून ती सिद्ध करता येते असं घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सांगितलं.

कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल कारवाई असेल तर कलम २१८ प्रमाणे काही अधिकाऱ्यांबाबत सरकारची मंजुरी लागते. पूर्वी या फाइली वर्षानुवर्षं पडून राहायच्या. आता १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं, तेव्हा प्रस्ताव कधी गेला ती तारीख मिळवा.

खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. चौकशीत 'जास्त शक्यता काय' एवढं बघतात, खटल्यात संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. एका ठिकाणी सुटला म्हणून दुसरीकडचं आपोआप संपत नाही. ऑफिसातल्या लैंगिक छळाबद्दलही तेच, अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांत लेखी तक्रार करायची, आणि पोलिसांकडे जायचा रस्ता तरीही खुला असतो. तक्रार पोलिसांच्याच वागणुकीबद्दल असेल तर प्रकाश सिंग प्रकरणातल्या २००६ च्या आदेशानंतर उभी राहिलेली पोलिस तक्रार प्राधिकरणं आहेत.

कोर्टात

सरकारी वकील तुमचे नोकर नाहीत आणि विरोधकही नाहीत. त्यांच्याकडे एका दिवशी ढिगाने फाइली असतात. तुम्ही स्वतःचा वकील लावू शकता, कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलाला मदत करतो आणि शेवटी लेखी युक्तिवाद देऊ शकतो. वकील लावला असेल तर चार्जशीटची कॉपीही तुम्हाला मिळते, कलम २३०. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

केसचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (कोर्टातला केसचा ओळख क्रमांक) घेऊन ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाका, म्हणजे तारीख काय, पुढे काय ठेवलंय हे कोणावर अवलंबून न राहता कळतं.

साक्षीच्या आधी स्वतःची फिर्याद वाचून जा, यात काही गैर नाही. पाठ मात्र करू नका, पाठ केलेलं लगेच कळतं. प्रश्न पूर्ण ऐका, जेवढं विचारलंय तेवढंच सांगा, आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. उलटतपासणीत वकील चिडवतील, खोटं बोलताय म्हणतील, तो त्यांच्या कामाचा भाग आहे आणि आरोपीला तो हक्क आहे, तुम्ही शांत राहा आणि उत्तर न्यायाधीशांकडे बघून द्या. चूक लक्षात आली तर तिथेच दुरुस्त करा. साक्ष टाइप झाल्यावर वाचूनच सही करा.

साक्षीदारांना धमक्या येतात हे उघड आहे, आणि गरीब साक्षीदार फिरला तर त्याला शिव्या घालणं फार सोपं असतं. त्यापेक्षा वेळेत संरक्षण मागा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिस धोक्याचा अहवाल देतात, आणि गरजेप्रमाणे बंदोबस्तापासून ओळख लपवण्यापर्यंत उपाय होतात.

सरकारने खटला मागे घ्यायचा म्हटलं तरी आता कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. तुमच्यावर तडजोडीचा दबाव आला तर आधी वकिलाला विचारा, गुन्हा तडजोडीचा आहे का, कारण गंभीर गुन्हे कायद्याने मिटवताच येत नाहीत.

निकालाच्या आसपास

नुकसानभरपाईसाठी निकालाची वाट बघावी लागत नाही. कलम ३९६ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, आरोपी सापडला नसेल तरीही. बलात्कार, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार) आणि अॅसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी महाराष्ट्रात मनोधैर्य योजना वेगळी आहे.

आरोपी सुटला, किंवा हलक्या कलमात शिक्षा झाली, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं, कलम ४१३, आणि त्यासाठी आधी परवानगी मागावी लागत नाही हे २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात ठरलंय. कलम बरोबर पण शिक्षा कमी वाटली तर मात्र ते अपील सरकारनेच करायचं असतं, तेव्हा सरकारी वकिलांना लगेच लेखी विनंती द्या. आणि निकालाच्या नकलेचा अर्ज निकाल लागेल त्याच दिवशी टाका, कारण अपिलाची मुदत मोजताना नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस वगळतात, पण ते दिवस तुमच्या अर्जापासूनच मोजले जातात.